पिचकारीचा पाय आणि तुमचा लांबचा चष्मा

विहीणबाई, काल पिचकारी माझ्या अंगावर थुंकली. अगदी नेम धरून, डाव्या खांद्यावर, नुकत्याच धुतलेल्या स्वेटरवर. तुम्ही असता तर म्हणाला असता, "चला, तब्येत ठीक आहे तिची." मीही तेच म्हटलं, मोठ्यांदा. मग ऐकायला तुम्ही नाही हे आठवलं आणि तशीच कुंपणाला धरून उभी राहिले. रडायला येत होतं, पण लामाच्या थुंकीला असा काही वास असतो की माणसाला धड रडताही येत नाही.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. प्रज्ञा, म्हणजे तुमची मुलगी आणि माझी सून, मला म्हणाली, "आई, स्मरणिकेत तुम्हीही लिहा ना. बाकीचे सगळे मम्मीच्या डिग्र्या लिहिणार आहेत." तर डिग्र्या मी लिहीत नाही. नागपूरच्या जनावरांच्या डॉक्टर सुजाताबाई अमेरिकेत येऊन, सगळ्या परीक्षा पहिल्यापासून देऊन, पुन्हा जनावरांच्या डॉक्टर कशा झाल्या, ते लिहिणारे लिहितील. मला तुमच्याशी चार वर्षांचं एक जुनं प्रकरण मिटवायचं आहे आणि एक नवं भांडण काढायचं आहे. नव्या भांडणाचं कारण मला गेल्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात सापडलं. पण तिथे मी सावकाश येईन. घाई करायला आता तुम्ही हाताशी घड्याळ घेऊन उभ्या नाही.

आपली पहिली भेट आठवते? तेरा वर्षं झाली. मी साठ वर्षांची होते, म्हणजे वयाच्या मानाने अगदीच कोवळी आणि अक्कल त्याहून कोवळी. नाशिकहून मुलाच्या लग्नाची बोलणी करायला आले होते. निखिल मला त्याच्या हर्नडनच्या अपार्टमेंटमधून तासभर गाडी चालवत तुमच्या घरी घेऊन आला. पाच एकर रान, मागे जंगल, आणि तुम्ही दारात गमबूट घालून उभ्या. मी पैठणी नेसलेली. तुम्ही माझ्या पायाकडे बघून म्हणालात, "चप्पल सांभाळा, चिखल आहे." स्वागत म्हणून एवढंच.

जेवण झालं, शेवयांची खीर आली. मी वरमायेच्या थाटात विचारलं, "तुमचं नेमकं काम काय असतं हो?" चूक माझीच. तुम्ही खुलून सांगायला लागलात. पूर्वी कॅलिफोर्नियात काम करत होतात, तिथे एका लामाच्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं. मालक म्हणे धूळ गेली असेल. तुम्ही डोळा बधिर करायचे थेंब घातलेत, चिमट्याने आतली पापणी उचललीत, आणि तिथे पांढरे जंत वळवळत होते. माश्या डोळ्यातलं पाणी प्यायला बसतात आणि जाताना ही भेट ठेवून जातात.

"केवढे असतात?" निखिलने विचारलं. गाढव.

तुम्ही चमच्याने खिरीतली एक शेवई उचलून धरलीत. "याच्या अर्ध्याएवढे. पण जिवंत."

मी वाटी खाली ठेवली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आपल्याकडे असं नसतं, निखिल." तो म्हणाला, "काय नसतं, आई? जंत?"

त्या काळात "आपल्याकडे असं नसतं" हे माझं आवडतं वाक्य होतं. लग्न बुद्धवंदनेने झालं, अर्ध्या तासात, मानपान शून्य, तेव्हाही माझं ते तीन नातेवाइकांना फोनवर म्हणून झालं. आणि वर सगळ्यांना सांगत फिरायचे की मी जातपात अजिबात मानत नाही, विहिणीच्या घरी पोटभर जेवते. म्हणजे बघा, सांगत फिरावं लागत होतं. आज त्या बाईला भेटले तर तिला ओळख दाखवणार नाही मी.

लग्नात तुम्ही मला साडी दिलीत. "मान म्हणून नाही, आवडली म्हणून," असं बजावून. टसरची, करवतकाठाची, तुमच्याकडची. मला पैठणी हवी होती. घरी आणून कपाटात तळाशी टाकली, नेसले नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आणि पहिली काही वर्षं तुमच्याकडे आले की मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे आणि चहा हातात यायची वाट बघायचे. कप उचलून सिंकपर्यंतसुद्धा न्यायची नाही. वरमाय ना मी! तुम्ही चहा द्यायचात, कप न्यायचात आणि तोंडातल्या तोंडात हसायचात. त्या हसण्याला मी आदर समजत होते.

मग हे गेले, मी कायमची निखिलकडे राहायला आले, आणि तुम्ही निवृत्त होऊन दोन लामा आणल्यात. ज्यांना लामा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: उंटाने मेंढीचा कोट घालावा आणि वर एखाद्या मुख्याध्यापिकेसारखं बघावं, तसा प्राणी. ठिपक्यांची ती बुंदी. दुसरीने आल्या दिवशी तुमच्यावर, माझ्यावर आणि टपालवाल्या बाईवर थुंकून घेतलं, म्हणून ती पिचकारी. शुक्रवारी संध्याकाळी निखिल मला तुमच्याकडे सोडायचा, सोमवारी सकाळी तुम्ही परत आणून पोचवायचात. अपार्टमेंटमध्ये माझा जीव रमायचा नाही, हे माझ्या मुलाच्या आधी तुम्हाला कळलं होतं. प्रत्येक वेळी गाडीत बसल्यावर तुम्ही "थांबा, लांबचा चष्मा सिंकवर राहिला," म्हणत परत पळायचात.

"भांडी घासायला लांबचा चष्मा कशाला लागतो हो?" मी विचारायचे.

"काय करू, माझी भांडी फार लांब असतात," तुम्ही म्हणायचात.

मी हसायचे. शहाणी, हसायची.

आता माझ्या घासाबद्दल. आमच्या घरी स्वयंपाक झाला की पहिला घास गायीचा. नाशिकला गाय दारात यायची, ठरल्या वेळी, हक्काने. हर्नडनला मी तो घास गॅलरीत ठेवला तर खारी आल्या, मग उंदीर आले, मग बिल्डिंगच्या ऑफिसचं पत्र आलं. तुमच्या रानात आल्यावर मला वाटलं, सुटले. चार पायांचं, रवंथ करणारं, डोळ्यांत तेच गरीब भाव. मी तुपाची पोळी घेऊन पिचकारीकडे निघाले तर तुम्ही आडव्या आलात. "काय करून राहिल्या तुम्ही? तुपाची पोळी? तिचं पोट बिघडवता का?" मी म्हटलं, मग हरणांना घालू? मागच्या जंगलातून हरणं यायची, पांढऱ्या शेपटीची, इतकी देखणी. तुम्ही म्हणालात, "हरणांना तर अजिबात नाही. इथे जंगली जनावरांना खायला घालत नाहीत."

कारण तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. मला कारण आधीच माहीत होतं! या बाईंना देवधर्म खुपतो, म्हणून माझा घास खुपतो. तर मी चोरून घालायचं ठरवलं. मागच्या कुंपणाबाहेर एक सपाट दगड होता, त्याच्या अलीकडे अक्रोडाचं झाड. बैठकीच्या खोलीतून बघितलं तर झाड बरोबर आड येतं, हे मी तीन वेळा खिडकीपाशी जाऊन तपासलं होतं. भूगोल शिकवला होता हो मी तीस वर्षं, दिशा मला कळत होत्या. शनिवारी, रविवारी, सोमवारी सकाळी पदराखाली ताटली घेऊन जायचे. पोळी, वर गुळाचा खडा, कधी सफरचंदाच्या फोडी. पहिल्या महिन्यात एक हरीण, दुसऱ्यात चार. पुढे पुढे तर ती कुंपणावरून उडी मारून आत यायची, लामांच्या गवतात फिरायची, लेंड्या टाकायची आणि माझी वाट बघत उभी राहायची. मला केवढं कौतुक! गायीने ओळखावं तशी मला ओळखतात म्हणून.

एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "हरणं फार वाढलीत या वर्षी. कोणी खायला घालतंय की काय." मी वरण वाढून घेतलं.

चार वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर. शुक्रवारी आले तर पिचकारी मला पाहून कुंपणापाशी आली नाही. दुरूनच दिसलं, मागचा उजवा पाय ओढत होती, बोटं मुडपून. वळायला गेली की मागचा भाग एकीकडे झुलायचा, दारू प्यायलेल्या माणसासारखा. शनिवारी सकाळी बसली ती उठेना. बुंदी तिच्या डोक्याशी उभी राहून हुंकारत होती. तुम्ही तिच्याजवळ गुडघे टेकून बसलात, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवलीत, पाय दुमडून बघितलात, आणि तुमचा चेहरा असा झाला की मी न विचारता पाणी आणलं.

मग तुम्ही मला समजावून सांगितलंत. टपालातल्या एका पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून, विद्यार्थिनीला सांगावं तसं. हा जंत हरणाचा. हरणाच्या मेंदूभोवतीच्या पडद्यात राहतो आणि हरणाला त्याचं काही होत नाही. त्याची पिल्लं हरणाच्या लेंडीतून बाहेर पडतात. ओल्या गवतातली गोगलगाय लेंडीवरून सरपटते, पिल्लं तिच्यात शिरतात. लामा चरताना गवताबरोबर ती गोगलगायही खाते. लामाच्या शरीरात त्या जंताला घर सापडत नाही, मग तो वाट चुकल्यासारखा पाठीच्या कण्यातून भटकतो, आणि जिथून जातो तिथल्या नसा बिघडवतो. म्हणून मागचे पाय जातात.

पाकिटावर तुम्ही हरीण काढलं होतं. चांगलं काढलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"यासाठीच तर दर महिन्याला इंजेक्शन देते मी," तुम्ही म्हणालात. "सप्टेंबरात ताप आला होता ना मला, दहा दिवस लांबवलं. दहा दिवस! तेवढ्यात झालं असणार. चूक माझी आहे, विहीणबाई. पूर्ण माझी."

विहीणबाई, तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून काय बाहेर पडावं? "चहा टाकू का?" त्या घरात मी नऊ वर्षांत कधी चहा टाकला नव्हता. तुम्ही माझ्याकडे क्षणभर बघितलंत आणि म्हणालात, "नको. तुम्ही बसा."

मी बसले. तुम्हाला दोष घेऊ दिला आणि बसले.

त्या दिवसापासून हरणांचा घास बंद झाला. ती आठवडाभर दगडापाशी येऊन उभी राहायची. मी गोठ्याच्या दारातून हातवारे करून हाकलायचे. माझ्यासारखीच, सवयीची गुलाम.

मी सोमवारी परत गेले नाही. तीन आठवडे राहिले. पाच दिवस जंताचं औषध, सुजेचं इंजेक्शन, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तिला उभं करणं. तुम्ही सांगितलंत, पडून राहिली तर संपली, दिवसातून तीनदा पोटाखालून झोळी घालून उभी करायची, तुळईला दोर बांधून. झोळीसाठी मजबूत कापड हवं होतं. तुमची ताडपत्री तिच्या कातडीला घासायची, चादर पहिल्याच दिवशी फाटली. मी निखिलला फोन केला, कपाटाच्या तळाची साडी घेऊन ये म्हटलं.

साडी तुम्ही हातात घेतलीत. काठावरून अंगठा फिरवलात.

"घडीसुद्धा मोडली नाही तुम्ही?"

"जपून ठेवली होती."

"नऊ वर्षं?"

"चांगल्या प्रसंगाची वाट बघत होते."

तुम्ही एकदा पिचकारीच्या पोटाकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे. "मग आला की प्रसंग. नेसवा वरमायेला."

विहीणबाई, त्या गोठ्यात आपण दोघी जशा हसलो तशी मी लग्नाआधीही कधी हसले नव्हते. पिचकारी बिचारी करवतकाठी नेसून तुळईला लटकलेली, आणि आपण साडीची दोन टोकं धरून वाकलेल्या. ती थुंकली नाही. तेच तर वाईट होतं. मी मुद्दाम तोंडाजवळ तोंड नेलं, चिडवलं, तिच्या आईवरून बोलले, तरी नाही.

तिथेच मी पहिल्यांदा प्रयत्न केला. "विहीणबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी ते टोक घट्ट धरा. सांगून झाल्यावर सोडाल."

दुसऱ्या वेळी औषध मोजताना. "त्या हरणांचं काय झालं माहितीये का..."

"हरणं येणारच हो. जंगल त्यांचंच. सुई द्या इकडे."

तिसऱ्या वेळी गाडीत. मी अगदी वाक्य ठरवून बसले होते. पहिला शब्द काढला आणि तुम्ही म्हणालात, "थांबा, चष्मा राहिला," आणि घरात पळालात. परत आलात ती रेडिओ लावूनच.

मग मीही सोडून दिलं. भित्र्या माणसाला तीन प्रयत्न पुष्कळ होतात.

बाराव्या दिवशी ती झोळीशिवाय मिनिटभर उभी राहिली. एकोणिसाव्या दिवशी चार पावलं चालली, मागचा पाय वाकडा टाकत, माझ्या दिशेने. मी हात पसरून उभी. जवळ आली, मान वर केली, कान मागे टाकले, आणि माझा चष्मा, नाक, कपाळ, सगळं हिरवं. तुम्ही गवतात बसकण मारलीत. हसत होतात की रडत होतात, मला दिसत नव्हतं. काचेवर थुंकी होती.

पाय मात्र वाकडाच राहिला. नसेचं जे गेलं ते गेलं, तुम्ही म्हणालात. आजही ती वळताना उजवीकडे झुलते. मी ते पाहिलं की दर वेळी दुसरीकडे बघायचे. आणि तुम्ही पाहिलंत की म्हणायचात, "माझे दहा दिवस." चार वर्षं म्हणत राहिलात. चार वर्षं मी ऐकत राहिले.

पुढच्या वसंतात तुम्ही कुंपण उंच करून घेतलंत आणि सहा बदकं आणलीत. बदकं गोगलगायी खातात म्हणे. त्यांचं खुराडं नेमकं त्या सपाट दगडाजवळ बांधलंत, कुंपणाच्या आत. "तिथे ओल जास्त," तुम्ही म्हणालात. आणि मग अगदी सहज, "तो तुमचा गायीचा घास आहे ना, तो आता यांना घाला. मूठभर भात, तूप नको."

"गायीचा घास बदकाला कसा चालेल?"

"गोगलगाय खातात ती. काहीतरी गाय पोटात आहेच."

आणि अजून एक गोष्ट त्याच वर्षी सुरू झाली. त्या आजारपणात मी तुमच्या गोठ्यात राबायला शिकले होते. आता कप उचलावा, चार भांडी विसळावीत, असं मला मनापासून वाटायला लागलं होतं. तर तुम्ही मला सिंकपाशी फिरकू देईनात. "तुम्ही वरमाय. सोफ्यावर बसा." मी एकदा कप घेऊन गेले तर तुम्ही दारातच तो हातातून काढून घेतलात. ज्या बाईने लग्नात नारळसुद्धा दिला नाही, ती मला सत्तरीच्या घरात वरमायेचा मान द्यायला लागली! मी प्रज्ञाला म्हटलंसुद्धा, "बघ, तुझ्या आईला उशिरा का होईना, रीत कळली."

गेल्या रविवारी तुमच्या घरी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यातली माणसं, वंदना, तुमचा तो हसरा फोटो. कागदी कप तुम्हाला चालायचे नाहीत म्हणून प्रज्ञाने कपाटातले सगळे कप काढले होते. माणसं पांगली, सिंक भरलं. मला अडवायला कोणी नव्हतं. "आई, राहू द्या, डिशवॉशर आहे," प्रज्ञा म्हणाली. मी म्हटलं, आज मला धुऊ दे.

तेरा वर्षांत मी पहिल्यांदा त्या सिंकसमोर उभी राहिले.

समोर खिडकी आहे. एवढीशी. तिच्यातून तुमचं सगळं रान दिसत नाही. गोठा दिसत नाही, रस्ता दिसत नाही. दिसतो तो मागचा कोपरा. अक्रोडाचं झाड इथून एका बाजूला राहतं, आणि चौकटीच्या मधोमध, फोटो काढायला ठेवावा तसा, तो सपाट दगड.

आणि खिडकीच्या कट्ट्यावर, साबणाशेजारी, तुमचा लांबचा चष्मा.

मी तो घातला. तुमचा आणि माझा नंबर फारसा वेगळा नव्हता. बदकांच्या पाठीवरची पिसंसुद्धा मोजता आली असती.

माझ्या हातातला कप फुटला, त्याबद्दल माफी. तो निळ्या फुलांचा. ओवी धावत आली. आपली नात, दहा वर्षांची, जगात कोणतं गुपित किती वजनाचं हे तिला अजून ठाऊक नाही.

"आजी, व्हॉट हॅपन्ड?"

"ओवी, लामा-आजी इथे उभी राहून काय बघायची गं?"

"यू," ती म्हणाली. इतकं सरळ. "मला स्टुलावर उभं करायची. यू वेअर फीडिंग द डिअर. मी नॉक करणार होते विंडोवर, तर ती म्हणाली, नको, आजीची पूजा चाललीये, आवाज करायचा नाही."

तर विहीणबाई, आता भांडू.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आजारपणाच्या आधीपासून. मी पदराखाली ताटली लपवून, इकडेतिकडे बघत, चोरपावलांनी जायचे, तो सगळा तमाशा तुम्ही साबणाच्या हाताने, चष्मा लावून बघत होतात! तुम्ही दोनदा सूचना दिलीत. तिसऱ्यांदा हात धरायला हवा होता तर म्हणालात, जाऊ दे, तिची पूजा आहे, माझं इंजेक्शन आहे. आणि मग ते इंजेक्शन दहा दिवस लांबलं. म्हणून "चूक माझी." मला वाटायचं, माझा गुन्हा तुम्ही नकळत डोक्यावर घेतलाय, आणि मी गप्प राहून तुम्हाला तसंच जाऊ दिलं. तुम्ही गेल्यापासून हेच मला खात होतं. आणि तुम्ही तर सगळं बघून, मोजून, स्वतःचा वाटा घेऊन बसला होतात! शिवाय माझाही. चष्मा विसरायचं नाटक, रेडिओ, "टोक घट्ट धरा", बदकांचा भात, वरमायेचा मान. मान कसला, मला खिडकीपासून लांब ठेवायची युक्ती ती! आणि मी प्रज्ञापुढे मिरवत होते.

मला एकच विचारायचंय. का बोलू दिलं नाहीत? मी सांगून मोकळी झाले असते. तुम्ही "हो, बघितलं होतं," म्हणाला असता. दोघी थोड्या रडलो असतो. मी त्यावर बराच विचार केला, भांडी घासताना. मला वाटतं, तुम्हाला भीती होती की एकदा कबुली दिली की ही बाई लाजेने यायची बंद होईल. शुक्रवारी येणार नाही. अपार्टमेंटमध्ये खिडकीशी बसेल. बरोबर ओळखलं होतंत. त्या वेळची मी आलेच नसते. "आपल्याकडे असं नसतं," म्हणून घरी बसले असते.

म्हणून भांडण मागे घेते. पूर्ण नाही, अर्धं. निम्मी चूक तुमची, निम्मी माझी. पिचकारीचा पाय दोघींचा.

प्रज्ञाने रान विकायचं नाही असं ठरवलंय. शुक्रवार ते सोमवार मी तिथे असते, निखिल आणि ओवीसुद्धा आता थांबायला लागलेत. या महिन्याचं इंजेक्शन एकही दिवस पुढे गेलं नाही. प्रज्ञाने सुई टोचली, मी मान धरली, करवतकाठी साडीचा उरलेला तुकडा पिचकारीच्या डोळ्यांवर टाकून. थुंकी तरीही बरोबर मलाच लागली, तिला दिसायची गरज नसते. मधे बुंदीच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं तर मी स्वतः बॅटरी घेऊन पापणी उचलून बघितली. शेवई नव्हती. गवताची काडी होती. तुम्हाला अभिमान वाटला असता, आणि तुम्ही तो लपवला असता.

सकाळी भात शिजला की पहिली मूठ घेऊन मी मागे जाते. ताटली पदराखाली नसते आता. दगडासमोर, कुंपणाच्या आत थांबते, बदकं पायात घोटाळतात, आणि मी घराकडे तोंड करून उभी राहते, झाडाच्या मोकळ्या बाजूला, खिडकीतून नीट दिसेन अशी. घास घालते. मग हात वर करते, जरा नाटकीपणाने, तुम्हाला आवडेल इतक्या.

चष्मा मी तिथेच ठेवलाय, साबणाशेजारी. काचा पुसून.